आधी इंजिनाला कपडे घाला

तर मंडळी, आजचा विषय तापलेला आहे. अगदी शब्दशः.

परवा ऑफिसात चहाच्या टपरीवर एका मित्राने विचारलं, "तू तुझ्या बीटलला बाहेरून ऑइल कूलर लावला होतास ना? किट कुठून मागवलं? मला पण लावायचाय." त्याने नुकतीच नागपुरातच एक जुनी फोक्सवॅगन बीटल घेतली आहे आणि सध्या तो त्या गाडीच्या प्रेमात आकंठ बुडालेला आहे. मी म्हटलं, "लावू नकोस." तो म्हणाला, "का? तू तर लावलास!" मी म्हटलं, "म्हणूनच सांगतोय." चहा संपला, वाद संपला नाही. उरलेला वाद इथे घालतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, एअर-कूल्ड जुन्या गाडीला बाहेरून ऑइल कूलर लावणं म्हणजे बहुतेक वेळा आजार न शोधता तापाची गोळी देणं. ताप उतरतो, पेशंट मात्र आतून जातो. आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये, आमच्या मोहाडीच्या गाडीचं हेड फोडून सांगतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोहाडी म्हणजे भंडारा-तुमसर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. चौंडेश्वरी देवीचं गाव म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना कळतं. भोवताली धानाची शेती, आणि मे महिन्यात असं ऊन की कुत्रीसुद्धा दुपारी रस्ता ओलांडत नाहीत. पारा ४४-४५ म्हणजे आमच्यासाठी बातमी नाही. नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ ला टेकला होता, तेव्हा कुठे लोक म्हणाले की यंदा जरा जास्त आहे :)

अशा गावात आमच्या मोठ्या बाबांची (म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची) एक बीटल आहे. १३०० सीसी, साठच्या दशकाच्या शेवटची. बीटल भारतात कधी बनलीच नाही, ज्या आल्या त्या बाहेरून आल्या. ही आमच्याकडे तिसऱ्या हाताने आली, नागपूरच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून. मोठ्या बाबांनी ती वीसेक वर्षं बिनबोभाट चालवली. लग्नं, दवाखाने, तुमसरचा बाजार, सगळं. मेमध्येसुद्धा. मग गाडी म्हातारी झाली, मोठे बाबाही झाले, आणि घरात एक इंजिनिअर निपजला. तिथून घोळ सुरू झाला.

घोळ सांगण्याआधी ही गाडी थंड कशी होते ते बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

आपल्याकडे गाडी तापली की पाणी घालायचं, हे आपल्या रक्तात आहे. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात घाट चढून गेलं की बॉनेट उघडायचं, फडक्याने झाकण फिरवायचं, वाफेपासून तोंड वाचवायचं आणि बाटली रिकामी करायची. बीटलमध्ये पाणीच नाही. रेडिएटर नाही. इंजिन मागे, डिकी पुढे. मग ते थंड कसं होतं? तर जसं बजाज चेतकचं व्हायचं तसं. चेतकचं इंजिनही उघड्यावर नव्हतं, बाजूच्या पत्र्याआड होतं. तिथे पंखा होता आणि सिलिंडरवर पत्र्याचं एक टोपरं होतं. पंख्याची हवा त्या टोपऱ्यातून सिलिंडरच्या पात्यांवर दाबून सोडलेली असायची. बीटलमध्ये तेच, फक्त चार सिलिंडरचं. डायनामोच्या दांड्यावरच एक मोठा पंखा बसवलाय. तो पट्ट्यावर फिरतो, आणि इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरतो. त्याची हवा मोठ्या पत्र्याच्या खोक्यातून खाली येते, चारही सिलिंडर आणि हेडच्या पात्यांमधून जाते आणि गाडीखाली बाहेर पडते.

आता महत्त्वाचं. त्याच खोक्याच्या आत, पंख्याच्या हवेत, एक ऑइल कूलर कंपनीने आधीच उभा करून ठेवलेला आहे. म्हणजे "बीटलला ऑइल कूलर लावतो" हे म्हणणंच मुळात "घराला अजून एक दार लावतो" असं आहे. दार आहे हो. ते उघडतं का, ते आधी बघा.

आमच्या गाडीचं काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या गॅरेजमध्ये (नाव घेत नाही) पूर्ण इंजिनकाम झालं. काम वाईट नव्हतं. पण गाडी परत मिळाली तेव्हा सोबत एक गोणी मिळाली. तीत चार-पाच वाकडेतिकडे पत्रे, कडक झालेली रबरं आणि एक पितळी पिंपासारखी वस्तू. "हे नाही लावले, यांनी हवा अडते," असं सांगितलं. मला ते एकदम पटलं! बुलेट डोळ्यासमोर आली. इंजिन उघडं, पाती उघडी, समोरून वारा. पत्रा कशाला हवा मध्ये? गोणी भंगारात गेली.

मे आला. मी तेव्हा नुकताच पुण्याहून नागपूरला, मिहानमध्ये, बदली घेऊन आलो होतो आणि दर शनिवारी बीटल घेऊन मोहाडीला जाणं हा माझा नवा धर्म होता. ऐंशीएक किलोमीटर. तेलाच्या तापमानाचं मीटर हौसेने लावलेलं होतंच. भंडाऱ्यापर्यंत काटा १३० ला. मी घाबरलो, आणि घाबरलेला इंजिनिअर जे करतो ते केलं. पार्ट मागवला.

किट आलं. पंपाच्या मागून तेल बाहेर काढणारे जोड, दोन लांब होज पाइप, आणि गिअरबॉक्सच्या वर टांगायचा एक चकचकीत कूलर. एका रविवारी बसवलं. काटा १३० वरून १०५ वर. मी इतका खूश झालो की मोठ्या बाबांना मीटरचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "बरं." बस. एवढंच. (मोठे बाबा कमी बोलतात. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.)

पुढच्या मेमध्ये भंडारा सोडून वरठीच्या जवळ गाडी लंगडायला लागली. मीटर? मीटर १०५. एकदम छान. मीटर बघून मला वाटलं पेट्रोलमध्ये कचरा असेल. तसाच रेटत मोहाडीला आणली. घरी मोठ्या बाबांनी इंजिनाचा आवाज दारातूनच ऐकला आणि मिस्त्रींना निरोप धाडला.

हे मिस्त्री काका मोटारींचे नाहीत. ते धानाच्या शेतावरची पंपांची इंजिनं दुरुस्त करतात, त्यात एअर-कूल्ड डिझेलही आली. आले, मागचं झाकण उघडलं, वाकले, आणि पहिलाच प्रश्न:

"का बाबू, याचे कपडे कुठी गेले?"

"कपडे?"

"पत्रे गा, पत्रे. पंपाच्या इंजिनचा पत्रा काढून पाय एकदा. दुसऱ्या दिवशी पिस्टन चिपकते. हवा तर सोपीच्या जागेनं पळते, तिला काय पडली?"

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, एक सेमिस्टर हीट ट्रान्सफर शिकलो, परीक्षेत फिन्सची गणितं सोडवली. आणि हे वाक्य मला सांगायला पंपाचे मिस्त्री लागले. हवा सोपी जागा शोधते. बुलेटचं इंजिन पुढे आहे, त्याला चालत्या गाडीचा वारा लागतो. बीटलचं इंजिन मागे, बंद पेटीत. तिथे वारा लागतच नाही. जी हवा आहे ती फक्त पंख्याची, आणि तिला हेडच्या पात्यांत घुसवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पत्रा. पत्रा हवा अडवत नाही, पत्रा हवेची पाइपलाइन आहे. पाइपलाइन काढली की हवा पात्यांना वळसा घालून खुशाल निघून जाते.

इंजिन उतरवलं. तीन नंबरच्या सिलिंडरवर हेडला तडा. वॉल्व्हच्या सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत.

आता इथे थांबा, कारण माझा सगळा वाद या तड्यात आहे. तेलाचं तापमान १०५ होतं आणि हेड भाजत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं. कारण या इंजिनातली बहुतेक उष्णता तेलातून नाही, हेड आणि सिलिंडरच्या पात्यांतून थेट हवेत जाते. बाहेरचा कूलर तेल थंड करतो, हेड नाही. आधी तेलाचा काटा १३० ला जाऊन ओरडून सांगत होता की हवा नीट फिरत नाहीये. मी काय केलं? हवा दुरुस्त नाही केली, ओरडणाऱ्याचं तोंड बंद केलं.

तुमच्या-माझ्या भाषेत सांगू? सर्व्हर स्लो झाला, मेमरी लीक आहे, आणि आपण रॅम वाढवली. ग्राफ सुंदर झाला, मॅनेजर खूश, सगळे घरी गेले. सहा महिन्यांनी रात्री तीनला फोन येतो. तेव्हा आपण काय म्हणतो? "अरे, पण मॉनिटरिंगमध्ये तर सगळं हिरवं होतं!"

आता तेच हीट ट्रान्सफर जरा नीट वापरू. न्यूटनचा नियम आठवा. वस्तू किती उष्णता सोडते ते तिच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा हिवाळ्यात दुपारी बाहेर २५ अंश आहे आणि तेल ९५ ला स्थिरावतं. फरक ७०. तीच गाडी, तोच वेग, मोहाडीचा मे, बाहेर ४५. फरक तेवढाच ७० लागणार, म्हणजे तेल ११५. यात बिघाड नाही, हा ढोबळ हिशोब आहे. ११५ बघून घाबरायचं कारण नाही.

पण आता इंजिनाच्या पेटीभोवतीचं रबर गेलेलं आहे असं समजा. त्या रबराचं काम काय? वरची थंड हवा आणि गाडीखाली सोडलेली गरम हवा वेगळी ठेवणं. ते नसेल तर पंखा स्वतःचीच ओकलेली गरम हवा पुन्हा ओढतो. पंख्याला ४५ ऐवजी ६५ ची हवा मिळाली की तेल गेलं १३५ ला. हाही न्यूटनच. म्हणजे ज्या "गरम गाडी"साठी तुम्ही हजारोंचं किट मागवताय, तिचा रोग कदाचित एका रबराच्या पट्टीत आहे. आमच्याकडे नवीन पत्रे आणि सगळी रबरं मिळून किटपेक्षा बरंच कमी लागलं. (हेडचं विचारू नका.)

आणि तो बाहेरचा कूलर टांगला कुठे होता? गाडीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सवर. मेच्या दुपारी डांबराच्या वितीभर वरची हवा काय तापमानाची असते ते एकदा हात लावून बघा. वर पावसाळ्यात चिखल आणि मळणीच्या दिवसांत धानाचा कोंडा. तेलकट कूलरवर कोंडा असा बसतो की विचारता सोय नाही. आमचा कूलर काढला तेव्हा अर्धी पाती बुजलेली होती.

आता विरोधी पक्षाची बाजू. मित्राने तीन मुद्दे मांडले, तिन्ही घेतो.

पहिला: "पल्सर २२० ला ऑइल कूलर आहेच की! कंपनी वेडी आहे का?" अजिबात नाही. पण तिथे इंजिन, पंप, तेलाचा मार्ग आणि कूलर एकत्र डिझाइन झालेत, आणि कूलर समोरच्या वाऱ्यात आहे. फोक्सवॅगनही वेडी नव्हती. तिने कूलर दिलाच होता. त्यात एक खोट होती, ती मान्य. तो खोक्यात नेमका तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा होता, त्यामुळे तीन नंबरला कूलरची उरलेली गरम हवा मिळायची. (आमचा तडा कुठे गेला? तीन नंबर.) कंपनीने १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला आणि त्याच्या हवेला स्वतंत्र वाट दिली. त्यालाच लोक डॉगहाउस म्हणतात. म्हणजे कंपनीने काय सुधारलं बघा. दुसरा कूलर नाही लावला, हवेचा रस्ता सुधारला. तुम्हाला अपग्रेडची खाज असेलच तर हे करा, जुन्या इंजिनावरही ते बसवता येतं.

दुसरा: "जास्तीचा कूलर असला तर बिघडलं काय?" बरंच बिघडतं. या इंजिनात तेल असतं जेमतेम अडीच लिटर. एक होज पाइप बॉडीला घासून फाटला की ते रस्त्यावर यायला किती वेळ लागेल? लाल दिवा तुम्हाला दिसला तर इंजिन वाचेल, दिसला नाही तर संपलं. जितके जोड, तितक्या गळण्याच्या जागा. लांब पाइपांत तेलाचा दाब पडतो, ते वेगळंच. आणि हिवाळा? डिसेंबरात आमच्याकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. सकाळी गाडी तुमसरपर्यंत गेली आणि परत आली, एवढ्यात थर्मोस्टॅट नसलेल्या कूलरवर तेल धड तापतच नाही. न तापलेल्या तेलातली ओल उडत नाही. झाकण उघडलं की आत पांढरट, लोण्यासारखा थर. इंजिनाला थंडी बाधते हो, नुसता उकाडा नाही.

ती गोणीतली पितळी पिंपासारखी वस्तू आठवते? तो मूळ थर्मोस्टॅट होता. इंजिन थंड असताना पंख्याच्या झडपा मिटून ठेवायच्या आणि भोवतालची हवा ६५-७० अंशांपर्यंत तापली की उघडायच्या, एवढंच त्याचं काम. शिवाय त्या झडपा हवा डावी-उजवीकडे नीट वाटतातही. आपण तो "आपल्याकडे थंडी कुठे असते" म्हणून काढतो आणि मग बाहेरून कूलर आणतो!

तिसरा आणि सगळ्यांचा लाडका: "जर्मन गाडी आहे, आपलं ऊन तिला झेपत नाही." यावर मी खरंच चिडतो. हीच हवेवर थंड होणारी पद्धत दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात क्युबेलवॅगनमध्ये चालली. हीच बीटल ब्राझीलमध्ये बनली, मेक्सिकोत बनली. शेवटची मेक्सिकोच्या पुएब्लातून ३० जुलै २००३ ला बाहेर पडली तोवर आकडा २ कोटी १५ लाखांवर गेला होता. ते सगळे लोक काय बर्फात राहत होते? आणि तेवढं लांब कशाला, मोठ्या बाबांनी हीच गाडी मोहाडीच्या वीस उन्हाळ्यांत चालवली. तेव्हा तिच्या अंगावर सगळे कपडे होते. ऊन तेच आहे. आपण गाडी उघडी केली आणि दोष उन्हाला दिला.

मला राग कूलरचा नाही. राग येतो तो आपल्या सवयीचा. आपल्याला जोडायला आवडतं, तपासायला नाही. जोडलेली वस्तू दिसते, चमकते, तिचा फोटो निघतो. रबराच्या पट्टीचा फोटो कोण काढतो? आणि जुन्या वस्तूतलं एखादं अंग कशासाठी आहे हे कळलं नाही की आपण ते बिनकामाचं ठरवतो. कोडमध्येही हेच. "हे फंक्शन कशाला आहे कळत नाही, काढून टाक." ते लिहिणारा मूर्ख नव्हता. त्याला काहीतरी माहीत होतं जे आपल्याला अजून माहीत नाही, इतकंच.

मग बाहेरचा कूलर कधीच नको का? तसं नाही. इंजिन मोठं केलंत, १३०० चं १७७६ वगैरे, आणि हायवेवर तासन्‌तास पिळणार असाल तर लावा. पण आधी बाकी सगळं जागेवर असलं पाहिजे, मूळ कूलर काढायचा नाही, तेल ८० च्या वर गेल्यावरच उघडणारा थर्मोस्टॅट हवा, चांगले पाइप हवेत आणि कूलर स्वच्छ हवेत हवा. आणि हो, तेलाचा फिल्टर जरूर लावा. या इंजिनात मुळात नुसती जाळी आहे, फिल्टर नाही. त्या सुधारणेला माझा सलाम.

तर मित्रा, तुझ्यासाठी क्रम असा. आधी मोज. उन्हाळ्यातल्या दुपारी, तासाभराच्या रनिंगनंतर. तेल ११५ च्या आसपास आणि तिथेच थांबत असेल तर घरी जा, झोप. चढतच राहिलं तर पेटीभोवतीचं रबर बघ. मग सिलिंडरच्या वरचे आणि खालचे सगळे पत्रे आहेत का बघ, खालचे हमखास गायब असतात. मूळ कूलरच्या पात्यांतला कचरा काढ. पट्टा अंगठ्याने दाबून बघ, दीडेक सेंटिमीटर दबला पाहिजे. बॅटरीचा लाल दिवा लागला तर जागेवर थांब, कारण पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलाय. टायमिंग, वॉल्व्हची सेटिंग (थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर), कार्बोरेटरखाली कुठे हवा ओढतेय का, हे सगळं झाल्यावरही काटा चढत असेल, तर आपण कूलरबद्दल बोलू.

आमच्या गाडीला दुसरं हेड बसलं, सगळे पत्रे बसले, रबरं बसली, थर्मोस्टॅट बसला. बाहेरचा कूलर काढला. यंदा मेमध्ये ४४ अंशांत मोहाडीला पोचलो तेव्हा तेल ११२ होतं. १०५ पेक्षा सात अंश जास्त, आणि मी शांत. मोठ्या बाबांना पुन्हा मीटरचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "आवाज बरा आहे आता."

काढलेला कूलर खोलीत पडून आहे. विकत नाही, कारण घेणाऱ्याला मग हे सगळं समजावून सांगावं लागेल. मित्रा, तुझं किट परत जात असेल तर परत कर आणि रविवारी मोहाडीला ये. मिस्त्री काकांना सांगून ठेवतो. येताना गाडी आण, आणि गॅरेजवाल्याने एखादी गोणी दिली असेल तर तीही आण. भंगारात टाकू नकोस.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.